हरलेल्याची खेळी

परभणीच्या आमच्या वाड्यातला बुद्धिबळाचा पट म्हणजे रंगीत चौकटी शिवलेले एक जुने कापड होते. काका देशी पद्धतीने खेळत. प्यादे पहिल्या खेपेसही एकच घर पुढे जाई. हरलेला गडी ‘हत्ती तिथे नेला असता तर’ असे सुरू करी, तेव्हा काका पट गुंडाळीत म्हणत, “आता वरातीमागून घोडे कशाला?” मला मात्र तीच घोडी आवडतात. इतिहासाचा नाद असलेल्याला दुसरे काय आवडणार?

या खेळाच्या इतिहासाला आमचा मुलूख अगदीच परका नाही. परभणी निजामाच्या राज्यात होती त्या काळी, १८२८ साली, हैदराबाद आणि मद्रास यांच्यात टपालाने दोन डाव सुरू झाले. मद्रासच्या बाजूचे सूत्रधार गुलाम कासीम. त्यांनी व जेम्स कॉक्रेन यांनी १८२९ साली ते डाव पुस्तकरूपाने छापले आणि मुझिओ गँबिटची चिकित्साही केली. राजाच्या उंटापुढचे प्यादे देऊन हल्ला चढवण्याचा हा घाट. त्याच कुळातला ‘अमर डाव’ २१ जून १८५१ रोजी लंडनला आंडरसेन व कीझेरित्स्की सहज म्हणून खेळले.

आंडरसेनने एक उंट, दोन्ही हत्ती आणि अखेर वजीरही दिला; उरलेल्या उंटाने, दोन घोड्यांच्या साथीने, मात केली. पण अठराव्या खेळीला त्याने उंट डी-६ वर घुसवला, तिथेच तो चुकला. उंट ई-३ वर मागे घेतला असता, तर काळ्या उंटाची वाट अडून विजय निर्धोक होता. कीझेरित्स्कीला संधी मिळाली होती. त्याने वजिराने कोपऱ्यातला हत्ती शह देऊन मारायचा आणि लगेच वजीर बी-२ वर आणायचा. तिथून राजाशेजारच्या प्याद्यावर त्याचा डोळा राहिला असता. १८७९ साली स्टाइनिट्झने हा बचाव दाखवला. कीझेरित्स्कीने मात आधी उंटाने दुसरा हत्ती मारला. तेवढ्या सवडीत पांढरे प्यादे ई-५ वर सरकले, वजिराची कर्णरेषा तुटली, आणि मग कोपऱ्यातला हत्ती खाऊन तो वजीर तिथेच निरुपयोगी बसून राहिला.

हे आज मी निवांत बसून सांगतो. समोर आंडरसेन असताना, प्रत्येक मोहरा फुकट मिळत असताना, हात आवरणे किती जणांना साधले असते? पराभूतांच्या चुका मोजताना आपण इतिहासातही हेच विसरतो.

कीझेरित्स्कीने हा डाव त्याच वर्षी स्वतःच्या ‘ला रेजांस’ मासिकात छापला. आपलीच हार लोकांपुढे ठेवली! १८५३ साली तो पॅरिसमध्ये वारला. डावाला ‘अमर’ हे नाव फाल्कबीअरने दिले, ते १८५५ साली. ज्याच्या चुकीवाचून हा डाव अमर झाला नसता, त्याच्या कानी ते नाव पडलेच नाही.

काकांचा पट आता माझ्याकडे आहे. त्यावर मी अनेकदा अठरावी खेळी मांडतो आणि काळ्या बाजूला बसतो.