मुद्रणगृहाची निवड : एक जुनाच प्रश्न

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस उत्तनच्या रस्त्याला लागलें, म्हणजे वाटेंत मुर्धा, राई, मोर्वा हीं गांवें लागतात. हा मुलूख मिठागरांचा. आणि ज्या आगरी समाजाची या भागांत जुनी वस्ती आहे, त्याच्या नांवांतच 'आगर' हा शब्द बसलेला आहे. २००२ सालीं मीरा-भाईंदरची महानगरपालिका झाली, इमारती वाढल्या. तरी आगरी घरांतलें लग्न म्हटलें कीं हळदीची रात्र आणि बेंजो हीं आठवल्यावांचून राहत नाहींत. अशा या राईंतील पांच-सहा तरुणांनीं एक वाद्यवृंद उभारला आहे, अशी कल्पना करा. बेंजो, ढोल, ताशा, एक कीबोर्ड आणि दोन गाणारे. त्यांना आपल्या तीन-चार गाण्यांचें नमुन्यादाखल मुद्रण करावयाचें आहे. हल्लीच्या भाषेंत त्याला 'डेमो' म्हणतात. आतां प्रश्न असा, कीं भाईंदरांतल्याच एखाद्या लहानशा स्टुडिओंत जावें, कीं वाद्यें गाडींत घालून अंधेरी-वांद्र्याकडे मोठी जागा शोधावी?

प्रश्न किरकोळ दिसतो. परंतु त्याचें वय सवाशे वर्षांच्या आसपास आहे. आवाज कोठें आणि कोणापुढें मुद्रित करावयाचा, या निवडीवर पुढील पिढ्यांना काय ऐकूं येणार हें ठरत आलें आहे. मात्र पूर्वीं ही निवड कलावंताच्या हातीं क्वचितच होती. कधीं ती यंत्रानें केली, कधीं कंपनीनें, कधीं जागेच्या भाड्यानें. आज ती प्रथमच राईच्या मुलांच्या हातीं आली आहे. म्हणून ज्यांना निवड करतां आली नाहीं, त्यांची हकीकत त्यांनीं ऐकून घेणें उपयोगाचें होईल.

१९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग हा ग्रामोफोन कंपनीचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आपलें यंत्र घेऊन आला. हिंदुस्थानांत तबकडी-मुद्रणाचा आरंभ या सफरीपासून मानतात. मुद्रणगृह असें कांहीं नव्हतेंच. हॉटेलांतील एक मोठी खोली त्या कामीं लावली. यंत्राला विजेची गरज नव्हती. भिंतीवर बसविलेल्या कर्ण्यांत गावयाचें. त्या आवाजानें एक पातळ पडदा थरारे, आणि त्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर रेघ कोरी. तें मेण वाजवून पाहण्याची सोय नव्हती. कारण एकदां वाजविलें कीं कोरलेली रेघ खराब होई. चूक झाली तर मेण बाजूस सारून पुनः पहिल्यापासून गावयाचें. गौहरजान या प्रख्यात गायिकेनें आपल्या गाण्याच्या शेवटीं इंग्रजींत स्वतःचें नांव उच्चारलेलें आढळतें. तें मिरविण्यासाठीं नव्हतें. तबकड्या छापल्या जात त्या जर्मनींतील हॅनोव्हर येथें, आणि तेथल्या कारागिरांना गाणें कोणाचें हें कळावें, म्हणून ही युक्ति. कलकत्त्यास छपाईचा कारखाना निघाला तो १९०८ सालीं.

या कर्ण्याची आवडनिवड मोठी कडक होती. खणखणीत, उंच आणि टोंकदार आवाज त्याला रुचे. मृदु आवाज, खर्ज आणि वाद्यांचें कुजबुजणें तो सोडून देई. ढोलासारखें वाद्य फार जवळ आणलें तर सुई उसळे; दूर ठेवलें तर तें नाहींसें होई. युरोपांत तर या अडचणीपायीं ऑगस्टस स्ट्रो यानें लांकडी पोटाऐवजीं पडदा आणि धातूचा कर्णा लावलेलें निराळेंच व्हायोलिन तयार केलें. म्हणजे यंत्र वाद्याला जुळेना, तेव्हां वाद्यच बदलून यंत्राला जुळविलें! दहा इंची तबकडीची एक बाजू सुमारें तीन मिनिटांत संपे. तासाचा ख्याल तीन मिनिटांत आणतांना कोणी आलाप गाळला, कोणी लय वाढविली. पुढें श्रोत्यांना तें संक्षिप्त रूपच मूळ रूप वाटूं लागलें.

१९२५ सालीं विजेच्या साहाय्यानें मुद्रण सुरू झालें, आणि कर्ण्याच्या जागीं मायक्रोफोन आला. यानें काय झालें तें पाहावयाचें असेल तर मिरजेस स्थायिक झालेले खांसाहेब अब्दुल करीमखां यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकाव्या. त्यांचें गाणें १९०५ च्या सुमारासहि कर्ण्यापुढें मुद्रित झालें होतें. परंतु त्यांच्या आवाजांतला जो नाजूकपणा आज आपल्या कानांत आहे, तो १९३७ मधील त्यांच्या निधनापूर्वीं कांहीं वर्षें ओडियन कंपनीसाठीं झालेल्या मुद्रणांतून आला. मृदु बोलणाऱ्या माणसाचेंहि म्हणणें ऐकूं येईल, अशी जागा मध्यंतरीं तयार झाली होती.

मायक्रोफोन आला तरी दरवाजा कंपनीच्याच हातीं राहिला. कोणाला बोलवावें, काय गावयास लावावें, तबकडी विकावी कीं फडताळांत ठेवावी, हें सारें कंपनी ठरवी. या पद्धतींतहि जाणते लोक होते. ग. ना. जोशी हे स्वतः भावगीताचे आद्य गायक. १९३२ सालीं ना. घ. देशपांडे यांची कविता त्यांनीं तबकडीवर गाइली आणि ती घरोघर गेली. पुढें तेच मुंबईस हिज मास्टर्स व्हॉइस कंपनींत मुद्रणाचे अधिकारी झाले, आणि अनेक मोठ्या गवयांना मायक्रोफोनसमोर बसविण्याचें श्रेय त्यांना जातें. दुसरीकडे, १९३५ च्या सुमारास मुंबईंत 'यंग इंडिया' या छापाच्या ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या. त्यांचा कारखाना वडाळ्यास होता. नामांकित कलावंत बहुधा मोठ्या कंपन्यांशीं करारानें बांधलेले. त्यामुळें या देशी कंपनीनें नव्या आणि हौशी गायकांना पुष्कळच वाव दिला. आज त्यांतील कित्येकांचा आवाज उरला आहे तो एवढ्या एकाच कारणानें, कीं त्यांना जवळचा आणि परवडणारा दरवाजा सांपडला.

आतां खोलीचा विचार करूं. मुद्रण यंत्रावर होतें असें आपण म्हणतों. खरें तर तें खोलींत होतें. बॉम्बे टॉकीजच्या १९४९ मधील 'महल' चित्रपटांतील गाजलेल्या गीताची कथा लता मंगेशकर यांनीं अनेकदां सांगितली आहे. आवाज दुरून जवळ येत आहे असा भास हवा होता. तेव्हां त्यांनीं खोलीच्या कोपऱ्यांतून गाण्यास आरंभ केला, आणि गातां गातां त्या हळूहळू मध्यभागीं ठेवलेल्या मायक्रोफोनपाशीं आल्या. हें साधलें तें यंत्राच्या कळीनें नव्हे. तेवढें चालण्याइतकी खोली होती म्हणून. त्या काळीं चित्रपटाचा सगळा वाद्यवृंद, त्यांत गोव्याचे किती तरी कसलेले वादक, एकत्र बसून वाजवी. एकाची चूक म्हणजे सर्वांचा पुनः आरंभ. ही पद्धत कष्टाची खरी. परंतु एकमेकांकडे पाहून वाजविल्यानें लयीला जो जिवंतपणा येतो, तो तिच्यांत आपोआप येई.

मोठी आणि प्रसिद्ध जागा हीच चांगली, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अमेरिकेंत मेंफिस शहरीं सॅम फिलिप्स यानें १९५० सालीं एक लहानसें मुद्रणगृह उघडलें. कोणीहि यावें, पैसे भरावे आणि आपला आवाज तबकडीवर घेऊन जावें. १९५३ सालीं एल्व्हिस प्रेस्ली नांवाचा एक तरुण सुमारें चार डॉलर देऊन तेथें गाइला. पुढच्या वर्षीं त्याच खोलींत त्याची पहिली व्यावसायिक ध्वनिमुद्रिका झाली. उलट उदाहरण इंग्लंडांतील. १ जानेवारी १९६२ रोजीं बीटल्स मंडळींनीं लंडनच्या डेका कंपनींत परीक्षेसाठीं पंधरा गाणीं वाजविलीं. जागा नामांकित, यंत्रें उत्तम. परंतु कंपनीनें त्यांना नाकारलें. त्यांच्या व्यवस्थापकानें ती फीत घेऊन लंडनच्याच एका दुकानांत तिच्या तबकड्या कोरून घेतल्या, आणि त्या ऐकवीत फिरतां फिरतां त्याला दुसऱ्या कंपनीचा दरवाजा उघडला. नमुना-मुद्रण हें ओळखीचें पत्र होय. पत्रावरून माणूस ओळखतां आला पाहिजे. कागद किती गुळगुळीत आहे हा प्रश्न नंतरचा.

१९६३ सालीं कॅसेट निघाली, आणि १९८० नंतर ती आपल्याकडे इतकी स्वस्त झाली कीं कोळी आणि आगरी गीतांना स्वतःचा बाजार मिळाला. त्यानंतर संगणक आला. आज बेताच्या खोलींतहि एकेक वाद्य निरनिराळें मुद्रित करतां येतें, बेसूर स्वर सुरांत ओढतां येतो, आणि लय यंत्राच्या ठोक्यावर बसवितां येते. राईच्या तरुणांपुढील खरी अडचण येथें आहे. पूर्वीं यंत्राला पुष्कळ गोष्टी करतां येत नसत, म्हणून आवाज बदलावा लागे; आतां यंत्राला सर्वच करतां येतें, म्हणून तो बदलण्याचा मोह होतो.

तेव्हां निवड कशी करावी? पहिली गोष्ट, आपण एकत्र वाजविणारे आहों कीं वेगवेगळे, हें ठरवावें. ढोल-ताशांची जान एकमेकांच्या हाताकडे पाहण्यांत असेल, तर पांच माणसें एकदम बसतील अशीच खोली शोधावी, मग ती दूर कां असेना. विजेवर वाजणारा बेंजो तारेनें थेट यंत्रांत घेतां येतो. ढोलाला मात्र मोकळी हवा लागते. दुसरी गोष्ट, खोलींत उभें राहून टाळी वाजवावी. नाद रेंगाळला, किंवा डब्यांत वाजल्यासारखा परत आला, तर तोच दोष गाण्यांत उतरेल. मग दोन मिनिटें स्तब्ध राहून ऐकावें : पंखा, रस्ता, शेजारची आगगाडी. पावसाळ्यांत वर पत्रा आहे काय हेंहि पाहावें. तिसरी गोष्ट, मुद्रकानें पूर्वीं केलेलें काम ऐकावें. परंतु चित्रपटगीताच्या नकला ऐकून भागणार नाहीं, आपल्या जातीचीं वाद्यें त्यानें कशीं घेतलीं तें ऐकावें. चौथी गोष्ट, भाडें तासावर असतें आणि पहिला तास मांडामांडींतच जातो. म्हणून तालीम घरीं पुरी करून जावें.

पांचवी गोष्ट कागदाची आहे, आणि तिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष जातें. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें ध्वनिमुद्रणाचा हक्क, मुद्रणाचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानें घेतली त्या निर्मात्याकडे जातो. प्रकाशनानंतर साठ वर्षें तो टिकतो. गीताचे शब्द आणि चाल यांचे हक्क निराळे. १९९४ च्या दुरुस्तीनें गायक-वादकांनाहि स्वतंत्र हक्क दिले. पैसे आपण भरीत असूं, तर निर्माते आपण आहों हें मुद्रणापूर्वींच लेखी करून घ्यावें, आणि प्रत्येक वाद्याची सुटी मुद्रित प्रत हातीं पडल्यावांचून हिशेब मिटवूं नये.

शेवटीं एका विशेष गोष्टीकडे लक्ष वेधावयाचें आहे. आगरी लग्नांत धवलारीण धवले गाते. तें गाणें संथ, लांब, पिढ्यान्‌पिढ्या तोंडींच चालत आलेलें; बोलीहि गांवाची. नव्या वाद्यवृंदाला या चालींचा मोह पडणें स्वाभाविक आणि योग्यहि आहे. परंतु वयस्क धवलारणीला कांचेच्या खोलींत, कानांवर यंत्र चढवून, ठोक्यावर गावयास लावलें, तर तिचें गाणें आपण पुनः त्या जुन्या कर्ण्यांत कोंबूं. त्याची गरज उरलेली नाहीं. १९०२ सालीं यंत्रच प्रवास करून गायिकांपर्यंत गेलें होतें. आज तर तें पिशवींत मावतें. वाद्यवृंदाचें मुद्रण भाईंदरास करा किंवा अंधेरीस. धवल्याचें मात्र तिच्या ओटीवर, रहदारी निजल्यावर करा. तें तीन मिनिटांत आटपा असें तिला सांगूं नका, आणि मुद्रिकेवर तिचें नांव घालण्यास विसरूं नका.