बाळंतविड्यातून बाजारात

श्रोतेहो, तान्ह्या मुलाच्या लंगोटालाही इतिहास असतो, असे म्हटले तर आपणांपैकी काहींना हसू येईल. राजांच्या वंशावळीत आणि लढायांच्या सनावळीत लंगोटास स्थान नाही. तथापि, घरी मूल वाढवीत असता स्त्रीने चार पैसे कसे मिळविले आणि त्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडले, हे पाहावयाचे असेल, तर हे साधे वस्त्र फार उपयोगी पडते.

प्रथम हैदराबादेतील मराठी घरांकडे वळू. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि राजधानीत काचीगुडा, सुलतान बाजार या भागांत मराठी कुटुंबांची वस्ती होती. याच मुलखातील नारायणपेठचे सुती लुगडे मराठी स्त्रियांच्या विशेष आवडीचे. वर्षानुवर्षे धुऊन मऊ झालेले असे लुगडे फाडून दुपटी आणि लंगोट होत. कुंची, झबली आणि टोपडी यांसह बाळंतविडा सिद्ध होई तो आजीच्या आणि मावशीच्या हातून. लंगोट विकत घ्यावयाचा असतो, ही कल्पनाच त्या काळी नव्हती. म्हणून त्याचा व्यापारही नव्हता.

याचा अर्थ, स्त्रिया घरी बसून बाजारासाठी राबत नव्हत्या असा नव्हे. चारमिनारजवळच्या लाड बाजारात चकाकणाऱ्या लाखेच्या बांगड्या पाहून प्रवासी थबकतात. त्या बांगड्यांचे पुष्कळसे काम जुन्या शहराच्या गल्ल्यांतील घरांत होत आले आहे. निखाऱ्यावर लाख मऊ करावी, तिचे वळे करावे, आणि त्यावर एकेक खडा बसवावा. पाळण्याची दोरी एका हाती आणि बांगडी दुसऱ्या हाती, असे हे काम. मजुरी मात्र नगावर. मूल रडले म्हणून गेलेला वेळ कोणाच्याही हिशेबात धरला गेला नाही. २०२४ साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मालाला नाव मिळाले. पण खडा बसविणाऱ्या हातांची मजुरी हा वेगळाच प्रश्न आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर लंगोट एका आईच्या घरातूनही बाजारात आला. इंग्लंडात व्हॅलरी हंटर गॉर्डन ही एका सैनिकी अधिकाऱ्याची पत्नी होती. १९४७ साली तिसऱ्या मुलाच्या वेळी लंगोट धुण्याचा तिला उबग आला. तिने पॅराशूटच्या नायलॉनचे आवरण घरच्या यंत्रावर शिवले आणि आत फेकून देता येईल अशी घडी घातली. शेजारच्या सैनिकी कुटुंबांतील बायकांनी ते पाहिले आणि मागणी सुरू झाली. पाच शिलिंगला एक, या दराने तिने चारशेहून अधिक आवरणे शिवून विकली. पुढे तिने एकस्व घेतले आणि १९४९ साली एका कारखान्याशी करार केला. कल्पना तिची होती आणि तिचा हक्कही तिने आपल्या नावे राखला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

१९६१ साली अमेरिकेत पॅम्पर्स बाजारात आले आणि पुढे वापरून फेकण्याचे लंगोट जगभर पसरले. त्यांच्या कचऱ्याचा प्रश्न इतका वाढला, की आपल्या देशात २०१६ च्या घनकचरा नियमांत त्यांचा स्वतंत्र उल्लेख करावा लागला. धुऊन वापरण्याचा कापडी लंगोट पुन्हा आठवला तो अशा वेळी. पण मधल्या काळात घरे बदलली होती. १९९८ साली हैदराबादेत हायटेक सिटीची पहिली इमारत उभी राहिली आणि तिच्या आसपास दूरदूरची कुटुंबे येऊन वसली. तेथे आजी नाही आणि जुने लुगडेही नाही. नवा लंगोट कसा बांधावा, किती घ्यावेत, पावसाळ्यात कसे वाळवावेत, हे सांगणारी कोणी अनुभवी आई हवी असते. ती सांगता सांगता मालही विकू लागते, आणि आजीची जागा विक्री-प्रतिनिधी घेते.

येथेच इतिहासाचा धडा उपयोगी पडतो. अमेरिकेत ब्राउनी वाइज ही एकटीने मुलगा वाढविणारी स्त्री. घरगुती मेळाव्यांतून टपरवेअरची भांडी विकण्याची पद्धत तिने यशस्वी केली आणि १९५१ नंतर कंपनीची सारी विक्री त्याच मार्गाने होऊ लागली. १९५८ च्या आरंभी तिला काढून टाकण्यात आले, तेव्हा कंपनीचा एकही भाग तिच्या नावे नव्हता. पुढच्याच वर्षी, १५ मार्च १९५९ रोजी, मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास घेतले. तेच लिज्जत. तेथेही काम घरीच, मुलांच्या संगतीत. पण लाटणारी प्रत्येक भगिनी संस्थेची भागीदार, नफ्याची आणि तोट्याचीही.

दोन्हीकडे स्त्रिया कर्तबगारच होत्या. फरक पडला तो मालकीने. म्हणून घरी बाळ सांभाळून लंगोटाची किंवा दुसऱ्या कशाची विक्री पत्करणाऱ्या भगिनीने दलाली किती, एवढेच विचारू नये. मालात पैसा कोणाचा, न खपलेला माल परत कोण घेणार, आणि तिने जोडलेली गिऱ्हाइके उद्या कोणाची, हेही विचारावे आणि लेखी मागावे. घरच्यांनीही तिच्या वेळेचा हिशेब धरावा. घरात बसून केले म्हणून ते काम फावल्या वेळचे ठरत नाही.