‘ॲडव्हाइस’ आणि सल्ला

‘ॲडव्हाइस’ या इंग्रजी शब्दासाठी ‘सल्ला’ हा प्रतिशब्द आपण निःशंकपणे योजतो. तो चुकीचा नाही. परंतु महाराष्ट्राच्या इतिहासात या शब्दाने जे काम केले, ते त्या प्रतिशब्दात मावत नाही.

इंग्रजी शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याच्या मुळाशी ‘पाहणे’ या अर्थाचा लॅटिन धातू आहे. ‘मला असे दिसते’ एवढाच त्याचा मूळचा नम्र आशय. ‘सल्ला’ अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. ‘मसलत’ आणि ‘सुलह’ हे त्याचेच भाऊबंद. म्हणूनच जुन्या मराठीत सल्ला म्हणजे तह, असाही अर्थ होता. मत असो वा तह, समोरच्याचा होकार दोन्हींत गृहीत आहे.

आता २५ सप्टेंबर १८१९ चा साताऱ्याचा तह पाहावा. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंहांना राज्य दिले, ते दुसऱ्या कलमातील एका अटीवर: सर्व बाबतींत ब्रिटिश एजंटाच्या ‘ॲडव्हाइस’प्रमाणे महाराजांनी चालावे. शब्द मित्राचा, मागणी धन्याची. ‘आज्ञा’ म्हटले असते तर मांडलिकत्व उघडे पडले असते. ‘ॲडव्हाइस’ म्हटल्याने सिंहासनाची प्रतिष्ठा राहिली आणि सत्ताही हातची गेली नाही. सल्ला नाकारण्याची किंमत पुढे कळली. कटाचा आरोप ठेवून, १८३९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईचे गव्हर्नर कार्नाक यांनी महाराजांपुढे काही अटी ठेवल्या. त्यांवर सही करणे म्हणजे अपराध कबूल करणे, हे ओळखून महाराजांनी नकार दिला. त्यांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी लंडनला गेले, वर्षानुवर्षे झगडले. पण न्याय मिळाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले आणि पुढच्याच वर्षी सातारचे राज्य खालसा झाले.

हाच शब्द १९५० मध्ये भारतीय संविधानाच्या ७४ व्या अनुच्छेदात येतो: राष्ट्रपतींना साहाय्य व सल्ला देण्यासाठी मंत्रिमंडळ असेल. तो सल्ला बंधनकारक आहे काय, हा प्रश्न राजेंद्रप्रसादांनी १९६० मध्ये जाहीरपणे उपस्थित केला. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने तो स्पष्टपणे बंधनकारक केला. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने एकदा फेरविचारास पाठवण्याची मुभा दिली.

वरवर पाहता साताऱ्याचीच पुनरावृत्ती: सल्ला म्हणायचे आणि आज्ञा द्यायची. भेद आहे तो सल्ला देणाऱ्यात. साताऱ्याचा एजंट तेथील रयतेला उत्तरदायी नव्हता; मंत्रिमंडळ लोकसभेला उत्तरदायी आहे. शब्दकोश हा भेद सांगू शकत नाही. म्हणून दप्तरात ‘ॲडव्हाइस’ दिसला की भाषांतरकाराने आधी विचारावे: हा सल्ला नाकारणाऱ्याचे पुढे काय झाले?