कारखान्याचे स्थलांतर आणि पुढाऱ्याची परीक्षा

धंदा हा जंगम आहे, तो जेथे नफा तेथे जातो, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत सांगून होते. ज्या गावातून धंदा उठला त्या गावास मात्र ती पुरती उमजेपर्यंत एक पिढी खर्ची पडते. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने आपल्या नोकरवर्गापैकी सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक माणसे कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा आमच्याकडील सुशिक्षित कुटुंबांत केवढी खळबळ उडाली! अमेरिकेतील व विलायतेतील कचेऱ्यांनी आपली कामे समुद्रापलीकडे धाडली, म्हणूनच हिंजवडीच्या माळावर काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या. त्या वेळी तिकडे कोणाच्या पोटावर पाय आला, याची विचारपूस आमच्यापैकी फारच थोड्यांनी केली. तेव्हा ते काम आमच्याकडे चालत आले होते, आणि आलेल्या लक्ष्मीस कोणी कुळी विचारीत नाही.

अशा प्रसंगी कंपनीचा धुरीण कोणत्या वृत्तीचा असावा, कडक असावा की कनवाळू, एकतंत्री असावा की सर्वांच्या सल्ल्याने चालणारा, याविषयी सांप्रत इंग्रजीत ग्रंथांचा सुकाळ आहे. ते ग्रंथ आम्ही तुच्छ लेखीत नाही. तथापि त्यांतील उदाहरणे बहुधा अमेरिकेतील असतात, आणि आमच्या विट्याच्या चहूबाजूंस दोन दिवसांत फिरून येता येईल एवढ्या टापूत या प्रश्नाचा शंभर वर्षांचा इतिहास पडलेला आहे, त्याकडे कोणाचे लक्ष नसते.

प्रथम लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण घेऊ. त्यांचा कारखाना मूळचा बेळगावचा. नगरपालिकेस वस्ती वाढविण्यासाठी ती जागा हवी झाली आणि चालता कारखाना हलविण्याची पाळी आली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानात, कुंडल रोड या आडवळणाच्या स्टेशनाजवळ, बत्तीस एकर जमीन दिली. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान, साप-विंचवांची वस्ती. १९१० च्या मार्च महिन्यात तेथे किर्लोस्करवाडीचा पाया पडला. या प्रसंगातील आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की, बेळगावचे सुमारे पंचवीस कामगार आपल्या बायकामुलांसह लक्ष्मणरावांबरोबर त्या रानात राहावयास आले. नव्या जागी स्वस्त मजूर मिळाले नसते असे नाही. भोवतालचा मुलूख दुष्काळी, मजुरीस आसुसलेला होता. पण ज्या हातांनी नांगराचा फाळ ओतावयास शिकले ते हात मागे टाकून केवळ यंत्रे गाडीत घालावी, हे त्यांच्या मनास शिवले नाही. शिवाय तुरुंगाची हवा खाऊन आलेल्या माणसांस त्यांनी पहाऱ्यावर नेमले, ही गोष्ट तर सर्वश्रुतच आहे.

पुढे १९१४ चे महायुद्ध पेटले. परदेशचे लोखंड, दगडी कोळसा, रंग, सारेच दुर्मिळ झाले. मालच नाही तर भट्टी कशाला पेटवायची आणि माणसे कशाला ठेवायची, असे म्हणावयास तेव्हा कोणत्याही कारखानदारास सबळ कारण होते. किर्लोस्करवाडीत त्या वेळी कोळशास व रंगास पर्याय शोधण्याचे प्रयोग चालले. त्यांत शंभुअण्णा जांभेकरांसारखे सहकारी पुढे होते. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या तोफा वितळविण्यास दिल्या आणि त्यांचे नांगर झाले. काम नाही म्हणून माणसे कमी करण्याऐवजी माणसे आहेत म्हणून काम शोधावयाचे, असा हा उफराटा हिशेब होता. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतरच्या दंगलीत हा कारखाना जाळला गेला. एवढे होऊनही कारखाना त्याच जागी पुन्हा उभा राहिला, ही गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते.

ही पितृवत् रीत झाली, आणि तिची मर्यादाही सांगितली पाहिजे. बाप चांगला असेल तोवर घर सुखी. परंतु बापास प्रश्न विचारण्याची सोय त्या घरात फारशी नसते. शिवाय पंचवीस कुटुंबांस घेऊन निवडुंगात जाता येते, पंचवीस हजारांस नेता येत नाही. म्हणून मुंबईच्या गिरण्यांकडे वळणे प्राप्त आहे.

विटा ज्या खानापूर तालुक्याचे ठाणे आहे तो तालुका १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात मोडत असे. त्या साली दक्षिण सातारा जिल्हा निराळा झाला, आणि १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. नाव काही असो, पावसाचे दुर्भिक्ष तेच. या घाटमाथ्यावरील कुणब्याचा एक भाऊ जमिनीवर आणि एक मुंबईत साचावर, अशी घराची मांडणी पिढ्यानुपिढ्या चालली. जॉबर गावचा, खोली गाववाल्यांची, खानावळ ओळखीची. गिरणीतील नोकरी ही खानापुरातील कोरडवाहू शेतीची जणू दुसरी विहीरच होती.

पहिल्या महायुद्धानंतर या विहिरीचे पाणी आटू लागले. चीनची सुताची बाजारपेठ मुंबईच्या हातून गेली; जपानी कापड खुद्द हिंदुस्थानात स्वस्त विकू लागले. तिकडे लँकेशायरचीही तीच दशा झाली होती, आणि १९३१ साली गांधीजी तेथील बेकार विणकऱ्यांस जाऊन भेटले ते याच काळात. सर फ्रँक नॉइस यांच्या अध्यक्षतेखालील जकात मंडळाने १९२७ साली मुंबईच्या गिरण्यांची तपासणी करून अहवाल दिला. मालकांनी त्यावर जो उपाय काढला तो असा की, विणकऱ्याने दोन साचांऐवजी तीन सांभाळावेत. तीन साचांवर एक माणूस म्हणजे तिघांपैकी एक घरी, हे गणित मांडावयास कामगारांस जकात मंडळाची गरज नव्हती. एप्रिल १९२८ मध्ये संप सुरू झाला तो ऑक्टोबरपर्यंत चालला. दीड लाखाच्या आसपास माणसे सहा महिने बिनपगारी राहिली. नारायण मल्हार जोशी यांच्यासारखा सौम्य गृहस्थ आणि डांगे-जोगळेकरांसारखे जहाल तरुण एकाच संप समितीत बसले, यावरून प्रसंगाची कल्पना यावी. पुढे फॉसेट समिती नेमली गेली आणि तिने मालकांच्या योजनेस बऱ्याच अंशी मान्यता दिली.

आमच्या मते मालकांची चूक गणितात नव्हती. जपानी गिरण्यांशी टक्कर द्यावयाची तर यंत्रामागील माणसे कमी करावी लागणार, हे खरे असू शकते. चूक अशी की, तोटा आला तो प्रथम साचावरील माणसाच्या अंगावर ढकलला गेला. गिरण्यांचा कारभार मॅनेजिंग एजंटांकडे असे आणि त्या एजंटांचे कमिशन पूर्वी तर नफ्यावर नसून तयार मालावर व विक्रीवर आकारले जाई. गिरणीस तोटा होत असताही ज्याचा वाटा बुडत नाही, त्याने दुसऱ्यास काटकसरीचा उपदेश केला तर तो कोणास पटावा? किर्लोस्करवाडीचा मालक कारखान्याच्या कुंपणाशी राहात होता. भट्टी विझली तर त्याच्या चुलीसही धग लागे.

यानंतर १९८२. जानेवारीच्या अठराव्या तारखेस डॉक्टर दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. सामंतांची वृत्ती तडजोडीची नव्हती आणि कामगारांनी त्यांस आणले तेच मुळी त्या वृत्तीसाठी. मान्यताप्राप्त संघटनेच्या बोटचेपेपणास ते विटले होते. आम्ही या संपाचे निर्दय टीकाकार नाही. परंतु पुढाऱ्याच्या निष्ठेइतकेच त्याच्या नजरेसही मोल असते, हे सांगणे भाग आहे. गिरण्यांचे विणकाम पूर्वीपासून यंत्रमागांकडे सरकत होते. संप चालू असता गिरणीमालकांनी भिवंडीसारख्या ठिकाणी कापड विणवून घेतले आणि आपल्या शिक्क्याने विकले. साचा बंद पाडला म्हणजे मालकाचा हात पिरगळला जातो, हे १९२८ चे सूत्र होते. १९८२ साली मालकाचा हात त्या साचात उरलाच नव्हता. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला, आणि लाखाच्या घरात माणसे कायमची कामास मुकली. १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणानंतर, आणि पुढे गिरण्यांच्या जमिनींस सोन्याचा भाव आल्यानंतर, मालकांस साचा परत चालविण्याची निकडही राहिली नाही.

हे काम गेले कोठे? समुद्रापलीकडे नव्हे, भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी येथे, आणि काही अंशी आमच्या विट्यातही. ज्या तालुक्याची माणसे मुंबईत साचावरून उठविली गेली त्याच तालुक्याच्या ठाण्यात माग खडखडू लागले, हा योगायोग चमत्कारिक आहे. पण तो माग आणि ती नोकरी एक नव्हे. यंत्रमागावर बहुधा मजुरीचे काम चालते. व्यापारी सूत देतो, सायझिंगमधून भीम येते, खर्चीवाला मागमालक विणून देतो आणि मजुरी घेतो. त्याच्याकडील कामगार बारा तासांच्या पाळीत उभा राहतो. गिरणीतील भविष्यनिर्वाह निधी, रजा, बोनस या गोष्टी बहुतेक वाटेतच गळून पडल्या. मंदी आली की व्यापारी सूत देणे थांबवितो, एवढेच. कोणास कामावरून काढल्याचे पत्र लिहावे लागत नाही. माणसे कमी करण्याची ही सर्वांत सोपी रीत होय, कारण तीत कोणी कमी करणारा दिसतच नाही.

संपाच्या दिवसांत खानापूर तालुक्यात परतलेल्या गिरणी कामगारांची हकीगत मात्र एवढ्यावर संपत नाही. गावी आले तो दुष्काळ उभा. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडण्यास जावे, एवढाच मार्ग. मुंबईत सभा व मोर्चे पाहिलेल्या या माणसांनी येथे निराळाच प्रश्न विचारला: ज्या कामाने दुष्काळ हटेल असे काम सरकार का काढीत नाही? कासेगावचे डॉक्टर भारत पाटणकर व त्यांचे सहकारी यांच्या पुढाकाराने मुक्ती संघर्ष चळवळ येथे उभी राहिली. येथे पुढाऱ्याने आदेश देण्यापेक्षा माहिती गोळा करविली: पाऊस किती पडतो, कोणती पिके कोणी बुडविली, येरळेतील वाळू कोण नेतो. वाळू ही गावची, ती ठेकेदार फुकापासरी उपसतो आणि नदी कोरडी पडते, हे हिशेबाने पुढे आले. तेव्हा बलवडी व तांदुळवाडी या दोन गावांनी ठरविले की, थोडी वाळू आपणच विकावी आणि त्या पैशांतून येरळेवर बंधारा घालावा. सरकारने प्रथम अडवणूक केली. ती झगडून दूर करावी लागली. के. आर. दाते यांच्यासारख्या इंजिनिअरांनी तांत्रिक साह्य दिले, गावकऱ्यांनी श्रम दिले, आणि १९८० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. पाणीवाटपाचा नियम असा ठरला की, प्रत्येक कुटुंबास सारखे पाणी, मग त्यास जमीन असो वा नसो. गिरणीतून हात हलवीत आलेल्या भूमिहीनाचाही त्या पाण्यावर हक्क. जमीन नसेल तर त्याने आपले पाणी घेऊन दुसऱ्याची जमीन वाट्याने करावी.

या धरणाने मुंबईच्या नोकऱ्या परत आणल्या नाहीत, आणि साऱ्या तालुक्याचा दुष्काळही हटविला नाही. त्यासाठी पुढे टेंभू योजनेतून कृष्णेचे पाणी उचलून आणावे लागले. बांध आकारानेही लहानच. पण वाळूचा हिशेब ज्यांनी मांडला, त्यांपैकी अनेकांची नावे काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एखाद्या गिरणीच्या हजेरीपटावर होती.