एलिचपूर की अचलपूर?

इमादशाहीवर लेख लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत अडलो. वऱ्हाडच्या या सुलतानांच्या राजधानीला काय म्हणावे? शेंदूरजनाघाटच्या आमच्या घरात बुजुर्ग मंडळी 'एलिचपूर' म्हणत. शाळेच्या नकाशात 'अचलपूर' होते. मागे एकदा आम्ही 'अचलपूर' लिहिले, तेव्हा जमातीतल्या एका तरुणाने विचारले, "आपले नाव तुम्हीच का टाकून दिले?" दुसऱ्या लेखात 'एलिचपूर' लिहिले, तर एका हिंदू स्नेह्याने हसत विचारले, "अजून नवाबीतून बाहेर आला नाहीत का?"

दोघांची समजूत एकच: एलिचपूर मुसलमानांचे, अचलपूर हिंदूंचे. ही समजूत तपासल्याशिवाय लेख पुढे सरकेना.

अचलपूर हे नाव जुनेच आहे. शेंदूरजनाघाटहून सातपुडा चढून गेले की पलीकडे मुलताई. त्या भागातल्या तिवरखेडला राष्ट्रकूट नन्नराजाचा ताम्रपट सापडला. तो अचलपुराहून दिलेला आहे. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, पण ते असोत. खरी गंमत बाराव्या शतकातली आहे. गुजरातेतले जैन आचार्य हेमचंद्र (इ. स. 1088 ते 1173) यांनी प्राकृताचे व्याकरण लिहिले. एका शब्दातली दोन अक्षरे जागा बदलतात, याचे उदाहरण म्हणून त्यांनी नेमके हेच गाव घेतले. 'च' आणि 'ल' यांची अदलाबदल होऊन अचलपुराचे 'अलचपूर' होते, असे ते सांगतात. वाराणसीचे बनारस झाले, त्यातलाच हा प्रकार. महानुभावांच्या जुन्या मराठीत हेच गाव 'अळजपूर' म्हणून येते.

अलाउद्दीन खिलजी या वाटेने देवगिरीवर चालून गेला तो 1296 साली. म्हणजे त्याचा घोडा इथे येण्याच्या शंभरावर वर्षे आधीच लोकांच्या जिभेने अचलचे अलच केले होते. फारसी लिहिणाऱ्यांनी कानावर पडले ते टिपले, इंग्रजांनी त्यावर आपले स्पेलिंग चढवले. दर्ग्याशी जोडलेली दंतकथा ऐका, तर तीही गावाचे नाव शाह दूल्हा रहमान गाझींकडे नेत नाही. ईल नावाच्या राजाकडेच नेते. 'एलिचपूर' मुसलमान करायचे तरी कोणी केले?

आणि इमादशाही तरी कुठे एकरंगी होती? 1490 च्या सुमारास स्वतंत्र झालेला फतहुल्ला इमादुल्मुल्क हा फरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे विजयनगरच्या मुलखातला, जन्माने ब्राह्मण, लहानपणी लढाईत हाती लागलेला. त्याच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे. त्याला नावाचा हा वाद कसा समजावून सांगावा, कोण जाणे!

औरंगाबादचे मात्र असे नाही. तिथे एकाच्या नावाच्या जागी दुसऱ्याचे नाव आले आहे. 1610 साली मलिक अंबरने वसवली ती खडकी, पुढे फतेहनगर, मग औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद आणि 2023 पासून छत्रपती संभाजीनगर. नामांतराविरुद्धच्या याचिका मुंबई उच्च न्यायालयाने मे 2024 मध्ये फेटाळल्या. आम्हाला वाईट वाटले, हे लपवीत नाही. पण लिहिताना राग कामाचा नसतो. मलिक अंबरच्या नहरीबद्दल लिहिताना आम्ही खडकी लिहू, सिराज औरंगाबादीच्या गझलेबद्दल लिहिताना औरंगाबाद आणि आज तिथे पत्र धाडायचे झाले तर पाकिटावर छत्रपती संभाजीनगर. वली आणि सिराज यांच्या नावांमागचे 'औरंगाबादी' मात्र कोणत्याही राजपत्राने पुसायचे नाही, आणि आम्हीही पुसू देणार नाही.

आमच्या लेखात तेव्हा असे ठरले: नन्नराजाचे अचलपूर, इमादशाहीचे आणि नवाबांचे एलिचपूर, आजच्या तालुक्याचे अचलपूर. पहिल्या उल्लेखाला दोन्ही नावे आणि हेमचंद्रांची अक्षरांची अदलाबदल. त्या तरुणाला कच्चा मजकूर वाचून दाखवला. तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "चाचा, म्हणजे दोन्ही एकच?" आम्ही म्हटले, "एकच. आता एकदा चल, हौज कटोरा पाहून येऊ."

गेलोही. वरुडच्या स्टँडवर तिकीट मागताना दोघेही क्षणभर थबकलो, कोणते नाव घ्यावे म्हणून. कंडक्टरने वाट पाहिली नाही. "परतवाडा ना?" म्हणाला आणि दोन तिकिटे फाडली.