दूरनियंत्रित कळीचा इतिहास : दिवाणखान्यातील संगणक ते करकंब परिसरातील कृषिपंप

प्रस्तावना :

यंत्राचा शोध, यंत्राचा प्रसार आणि यंत्राचे समाजावर झालेले परिणाम या विषयांवर मराठीत बरेच लेखन झाले आहे. त्या तुलनेत यंत्र चालू व बंद करण्याची साधी कृती मात्र इतिहासलेखनात दुर्लक्षित राहिली. वस्तुतः कळ कोणाच्या हाती आहे, ती कोठे बसविलेली आहे आणि ती दाबण्यासाठी कोणाला, किती वाजता, किती अंतर चालून जावे लागते, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या काळातील समाजरचनेचे चित्र उमटलेले असते. दिवाणखान्यातील चित्रपट दाखविणारा संगणक दूरनियंत्रकाने म्हणजेच रिमोटने चालू करणे आणि शेतातील विहिरीवरची मोटार मोबाईलने चालू करणे या दोन क्रिया तांत्रिकदृष्ट्या सख्ख्या बहिणी आहेत. सामाजिकदृष्ट्या मात्र त्यांच्यात मोठे अंतर आहे. प्रस्तुत लेखात सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूर तालुक्यामधील करकंब व परिसराच्या संदर्भात या अंतराचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१) दूरनियंत्रणाच्या तंत्राचा ऐतिहासिक विकास थोडक्यात पाहणे.
२) घरगुती संगणक व कृषिपंप यांच्या दूरनियंत्रणातील साम्यभेद स्पष्ट करणे.
३) ग्रामीण वीजपुरवठ्याच्या संदर्भात दूरनियंत्रणाची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

दूरनियंत्रणाचा आरंभ :

निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये रेडिओलहरींनी चालणारी एक छोटी नौका लोकांना दाखविली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना या तंत्राचे अमेरिकन पेटंट मिळाले. घरगुती वापरासाठी मात्र हे तंत्र यायला अर्धे शतक जावे लागले. अमेरिकेतील झेनिथ कंपनीने १९५० मध्ये तारेने जोडलेला दूरचित्रवाणीचा नियंत्रक बाजारात आणला. घरभर पसरलेल्या तारेला माणसे अडखळत. त्यानंतर १९५५ मध्ये युजीन पॉली यांनी प्रकाशाच्या झोताने चालणारा नियंत्रक तयार केला, परंतु खिडकीतून येणाऱ्या उन्हानेही संच आपोआप चाळवला जाई. १९५६ मध्ये रॉबर्ट ॲडलर यांनी यावर तोड काढली. कळ दाबताच आतील लहान हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे आणि मानवी कानाला ऐकू न येणारा ध्वनी निर्माण होई. या नियंत्रकाला बॅटरीही लागत नसे. पुढे अवरक्त किरणांचा वापर सुरू झाला आणि आज घरोघरी दिसणारा रिमोट रूढ झाला.

भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९८२ मध्ये रंगीत प्रक्षेपणाला आरंभ झाला. उपग्रह वाहिन्यांची संख्या वाढू लागल्यावर रिमोट ही चैनीची वस्तू न राहता गरजेची वस्तू बनली. २००३ नंतर थेट घरापर्यंत पोहोचणाऱ्या छत्रीच्या सेवेमुळे खेड्यांतील घरांतही एकाऐवजी दोन रिमोट दिसू लागले.

संगणकाची कळ आणि 'अर्धनिद्रा' :

प्रारंभीच्या वैयक्तिक संगणकाची कळ ही दिव्याच्या बटणासारखीच होती. ती दाबली की विद्युतमंडल प्रत्यक्ष तुटत असे. असा संगणक दुरून चालू करणे शक्यच नव्हते, कारण आज्ञा ऐकण्यासाठी त्यात कोणताही भाग जागा राहत नसे. इंटेल कंपनीने १९९५ मध्ये 'एटीएक्स' ही नवी रचना प्रसिद्ध केली. या रचनेत संगणक बंद असतानाही पाच व्होल्टची एक लहानशी विद्युतवाहिनी चालू राहते. समोरचे बटण वीज तोडत नाही, तर मुख्य पटलाला केवळ सूचना देते. ही सूचना बटणाने द्यावी, कळफलकाने द्यावी, संगणकजाळ्यातून द्यावी की रिमोटने द्यावी, हा पुढे केवळ सोयीचा प्रश्न उरला.

मायक्रोसॉफ्टने २००२ मध्ये विंडोज एक्सपीची 'मीडिया सेंटर' आवृत्ती आणली आणि दूरचित्रवाणी संचाशेजारी ठेवायचा, रिमोटने चालणारा संगणक ही कल्पना लोकप्रिय झाली. २०१५ मधील विंडोज १० पासून ही सुविधा काढून टाकण्यात आली, तरी तिच्यामागील तत्त्व आजच्या प्रत्येक स्मार्ट टीव्हीत कायम आहे. ते तत्त्व असे की, जे यंत्र दुरून चालू होते ते खऱ्या अर्थाने कधीच बंद नसते. त्याचा एक कान सतत उघडा असतो आणि त्या कानाला अखंड वीज लागते. या अर्धनिद्रेत खर्ची पडणाऱ्या विजेचा विचार करून आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये प्रत्येक उपकरणाचा असा वापर एक वॅटपर्यंत मर्यादित ठेवण्याचा प्रस्ताव मांडला.

येथेच ग्रामीण भागाचा प्रश्न उभा राहतो. अखंड वीज गृहीत धरून विकसित झालेले तंत्र, वीज केव्हा येईल याची वाट पाहणाऱ्या गावात कसे वागते?

करकंब परिसर व कृषिपंप :

करकंब हे पंढरपूरच्या उत्तरेस असलेले, भीमा खोऱ्यातील बाजारपेठेचे गाव होय. १९८० मध्ये पूर्ण झालेल्या उजनी धरणामुळे भीमेच्या दोन्ही तीरांवरील शेतीचे स्वरूप पालटले. ज्वारीच्या रानात ऊस उभा राहिला आणि जोडीला द्राक्ष व डाळिंबाच्या बागा आल्या. विहीर, विंधनविहीर आणि नदीवरील उपसा यांवर बसविलेली विजेची मोटार ही शेतीची नाडी बनली. मोटारीची पेटी, स्टार्टर, फ्यूज आणि डीपी हे शब्द शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात रुळले.

महाराष्ट्रातील शेतीपंपांना थ्री-फेज वीज दिवसभर मिळत नाही. चक्राकार पद्धतीने काही दिवस दिवसा आठ तास आणि काही दिवस रात्री दहा तास असा पुरवठा करण्याची पद्धत राज्यात दीर्घकाळ चालत आली आहे. गावठाण व शेती यांच्या वाहिन्या वेगळ्या करण्याची योजना राबविल्यानंतर घरातील दिवे व टीव्ही यांना तुलनेने अधिक तास वीज मिळू लागली, परंतु शेतातील मोटारीचे वेळापत्रक कायम राहिले. परिणामी एकाच कुटुंबातील दोन कळींचा इतिहास दोन दिशांना गेला. घरातील कळ उशाजवळ आली. शेतातील कळ मात्र रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, चिखल तुडवत गाठावी लागे. साप, विंचू आणि पेटीत उतरलेला विद्युतप्रवाह यांचे भय नित्याचे होते. दिवसा वीज मिळावी ही मागणी शेतकरी आंदोलनांतून सातत्याने पुढे आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली कोल्हापूर येथे झालेले आंदोलन याच मागणीसाठी होते.

स्वयंचलित कळ व सामूहिक हानी :

या त्रासावर शेतकऱ्यांनी शोधलेला पहिला उपाय म्हणजे ऑटो स्विच. लाईट आली की मोटार आपोआप सुरू होते. संगणकातही अशीच सोय असते. गेलेली वीज परत आल्यावर संगणकाने बंद राहावे, चालू व्हावे की पूर्वीच्या स्थितीत जावे, हे आधी ठरवून ठेवता येते. एका घरातील एका संगणकाच्या बाबतीत हा निर्णय निरुपद्रवी ठरतो. परंतु एका रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू झाल्या तर काय होते? मोटार सुरू होताना ती नेहमीच्या कित्येक पट विद्युतप्रवाह ओढते. सर्वांचा भार एकदम आल्याने रोहित्र जळते आणि ते बदलून मिळेपर्यंत सर्वांचीच पिके वाळतात. म्हणूनच महावितरणने शेतकऱ्यांना ऑटो स्विच काढून कॅपॅसिटर बसविण्याचे आवाहन वेळोवेळी केले आहे. व्यक्तीची सोय व समूहाची हानी यांचा हा संघर्ष दूरनियंत्रणाच्या शहरी इतिहासात आढळत नाही, ही बाब विशेष नोंद घेण्याजोगी आहे.

मोबाईलने चालणारी मोटार :

दुसरा उपाय पुण्यातील अभियंता संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश' या उपकरणाच्या रूपाने पुढे आला. वृद्ध आजोबांना मोटारीसाठी शेतावर कराव्या लागणाऱ्या खेपा हे त्यांच्या प्रयत्नांमागील प्रेरणास्थान होते. या उपकरणास २००९ मध्ये नोकिया कंपनीच्या नवसंशोधकांसाठीच्या जागतिक स्पर्धेत उदयोन्मुख बाजारपेठांच्या गटात पहिले पारितोषिक मिळाले. याची रचना सुबोध आहे. स्टार्टरला जोडलेल्या उपकरणाशी मोबाईलवरून संपर्क साधायचा आणि सांकेतिक अंक दाबायचे. अंक दाबताच उमटणारे सूर उपकरण ओळखते व मोटार चालू वा बंद करते. हे सूरतंत्र १९६३ पासून टेलिफोनमध्ये वापरात आहे. २००३ मध्ये येणारे कॉल निःशुल्क झाल्यानंतर मोबाईल सामान्य शेतकऱ्याच्या खिशात आला होता. त्यामुळे नव्याने विकत घ्यायचा रिमोट असा काही उरलाच नाही.

दिवाणखान्यातील रिमोट व हे उपकरण यांत एक मूलभूत फरक आहे. टीव्हीचा रिमोट केवळ आज्ञा देतो, कारण परिणाम डोळ्यांसमोर दिसतो. दोन-तीन किलोमीटरवरील मोटार मात्र दिसत नाही. म्हणून येथे यंत्राने उलट उत्तर देणे आवश्यक ठरते. लाईट आहे की नाही आणि मोटार सुरू झाली की नाही, हे शेतकऱ्याला सुरांवरून कळते. एकतर्फी आज्ञेचे रूपांतर अशा प्रकारे संवादात झाले.

मर्यादा :

या तंत्राचे यथार्थ मूल्यमापन करताना दोन मर्यादा ध्यानात घेणे आवश्यक आहे. पहिली मर्यादा श्रमाची. मोटार अंथरुणातून सुरू करता येते. परंतु पाटाने पाणी देताना दारे धरण्याचे काम मोबाईल करू शकत नाही. एक सरी भरली की पाणी दुसरीकडे वळविण्यासाठी माणूस रानात असावाच लागतो. त्यामुळे ठिबक सिंचन असलेल्या बागेत किंवा शेततळे भरताना दूरनियंत्रणाचा पूर्ण लाभ मिळतो. पाटपाण्यावरील उसाला तो अर्धाच मिळतो. साधनसंपन्न शेतकऱ्याची रात्र त्यामुळे आधी सुखाची होते, अल्पभूधारकाची नंतर.

दुसरी मर्यादा पाण्याची. शेतीत मोटार चालू करण्यापेक्षा ती वेळेवर बंद करणे अधिक मोलाचे असते. केवळ बंद करण्यासाठी पुन्हा खेप नको म्हणून मोटार रात्रभर सुरू ठेवली जाते व पाणी वाया जाते. दूरनियंत्रणाने ही सबब उरत नाही. मात्र बंद करण्यास आर्थिक प्रेरणाही हवी. राज्यातील अनेक कृषिपंपांची आकारणी मीटरऐवजी अश्वशक्तीवर होत आली असून, एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मोफत वीज देण्याची योजना लागू झाली. कळ हाती आली, परंतु ती बंद करण्याचे कारण दुबळे झाले, असा हा विरोधाभास आहे.

निष्कर्ष :

१) दूरनियंत्रण हे यंत्रातील अर्धनिद्रेच्या तत्त्वावर आधारलेले असून त्यासाठी वीजपुरवठ्याची शाश्वती आवश्यक असते.
२) शहरी घरात दूरनियंत्रणाने आराम दिला, करकंबसारख्या परिसरात त्याचा संबंध झोप, सुरक्षितता व प्रसंगी जीविताशी येतो.
३) वैयक्तिक सोयीचे ऑटो स्विचसारखे साधन सामूहिक व्यवस्थेला मारक ठरू शकते.
४) शेतकऱ्याच्या खिशातील कळ ही दुसरी कळ होय. पहिली कळ वीज उपकेंद्रात असून तिचे वेळापत्रक शेतकऱ्याच्या हाती नाही.

२०१७ मध्ये सुरू झालेली व २०२३ मध्ये दुसऱ्या टप्प्यात गेलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना दिवसा वीज देण्याचे उद्दिष्ट ठेवते. सूर्य मावळला की सौर प्रकल्पातील वीजनिर्मितीही थांबते. हे उद्दिष्ट सर्वत्र साध्य झाल्यास रात्रीच्या खेपेचा प्रश्नच निकाली निघेल आणि मोबाईलवरील मोटार ही दिवाणखान्यातील रिमोटप्रमाणे केवळ सोयीची वस्तू ठरेल. तिचे असे सामान्य होणे हेच ग्रामीण वीजपुरवठ्याच्या सुधारणेचे खरे गमक मानावे लागेल.