पांजरपोळ ते परळ

रे रोड स्टेशनवरून रोज हजारो माणसे जातात. पण हे 'रे' कोण, असे विचारले तर उत्तर क्वचितच मिळते. लॉर्ड रे हे १८८५ ते १८९० या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्याच कारकिर्दीत, १८८६ साली, परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. स्टेशन त्यानंतरचे, १९१० सालचे. मला हा इतिहास चाळावासा वाटला तो एका कुत्रीमुळे.

रे रोडजवळच्या एका गोदामाच्या गच्चीवर दीड वर्षाची हस्की बांधून ठेवलेली होती. हौसेने आणली, केस गळू लागले, रात्री हेल काढून ओरडू लागली, तेव्हा हौस संपली. 'घर हवे, पण धीराचे' असा निरोप फिरत आमच्यापर्यंत आला आणि ती आमच्याकडे आली. 'मुंबईत हे परदेशी लाड कशाला?' असे शेजारी म्हणाले. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर जरा मागे जाऊन शोधू.

जून १८३२ मध्ये पोलिसांनी मुंबईत भटकी कुत्री मारण्याची मोहीम काढली. प्रत्येक कुत्र्यामागे बक्षीस असल्याने शिपाई पाळीव कुत्र्यांवरही हात टाकू लागले. पारशी समाज खवळला. दुसऱ्या दिवशी हिंदू, जैन व्यापाऱ्यांसह बाजार बंद राहिला आणि किल्ल्यातल्या इंग्रजांची रसद अडली. पण केवळ दंगा करून कुत्री वाचत नाहीत, त्यांना जागा द्यावी लागते. सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने १८३४ साली पांजरपोळ उभी राहिली, तीच ही भुलेश्वरची. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था निघाली आणि सर दिनशा पेटिट यांच्या देणगीतून, त्यांच्या पत्नी सकरबाई यांच्या नावाने परळला जनावरांचे रुग्णालय झाले. त्याच्याच आवारात ते महाविद्यालय सुरू झाले.

म्हणजे आधी आसरा, मग उपचार. उरले ते घर. ते कोणत्याही गव्हर्नराला किंवा शेठजीला देता येत नाही; ते ज्याने त्याने द्यायचे असते.

हस्कीला घर देणे सोपे नाही, कारण तिचाही इतिहास आहे. ईशान्य सैबेरियातील चुकची लोकांनी हलके ओझे घेऊन बर्फावरून लांबचा पल्ला गाठण्यासाठी ही जात घडवली. १९२५ साली अलास्कातील नोम गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा वीस गाडीवानांनी कुत्र्यांच्या गाड्यांवरून सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून प्रतिविष पोचवले. अशा रक्ताच्या जनावराला गच्चीत साखळीने बांधले, तर ते ओरडणार नाही तर काय करील?

त्यामुळे आमचा दिवस पहाटे पाचला सुरू होतो. डांबर तापण्याआधी फेरी, दुपारी पंखा आणि थंड फरशी. केस भादरायचे नाहीत, कारण तो दुहेरी थर उन्हापासूनही तिचे रक्षण करतो, रोज विंचरायचे. पट्टा सोडायचा नाही, कारण ती पळाली की हाकेला थांबत नाही. पहिले तीन आठवडे ती पलंगाखालून बाहेर आली नाही. आम्ही ओढून काढली नाही. जवळच जमिनीवर ताट ठेवून आम्ही जेवत राहिलो. एका रात्री ती आपणहून येऊन माझ्या पायाशी बसली.

मुंबईच्या दमट हवेत हस्की आणूच नये, विकत तर मुळीच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पण जी आधीच इथे आहे, जिला परत जायला सैबेरिया नाही, तिचे काय करायचे? १८३२ साली या शहराने तो प्रश्न आपला मानला होता. आपण तेवढे मानले तरी पुरे.